वरच्या विंडोतलं पान

मी काम करत असताना कोणी मागे येऊन उभं राहिलेलं मला चालत नाही. आजही नाही. खांदे आपोआप वर जातात आणि मी मान न वळवता तुसडेपणाने विचारते, "काही हवंय का?" घरात म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. म्हणू देत. राग नसतो तो, लाज असते. ती मला नवी मुंबईतल्या महाप्यात लागली, नव्वदच्या दशकात, आणि निमित्त काय तर एक माऊस.

माझे बाबा टायपिंगचा क्लास चालवायचे. वाशीत, भाजीच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना टेबलं, टेबलांवर काळी जड यंत्रं आणि दाराशी बाबांची खुर्ची. बेलापूरला सरकारी कचेऱ्या उभ्या राहत होत्या, क्लार्कच्या जागांना टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळे कॉलनीतली आणि आसपासच्या गावांतली मुलंमुली सकाळपासून रांग लावायची. खाली भाजीवाले ओरडायचे आणि वर सगळी यंत्रं एकदम चालू झाली की खालच्या भाजीवाल्यांचं ओरडणं ऐकू यायचं नाही.

दहावीची परीक्षा झाल्यावर मीही तिथेच शिकले. पहिल्याच दिवशी बाबांनी दारात थांबवून सांगितलं, "उंबऱ्याच्या आत बाबा नाही. सर." मग सर म्हणायची इतकी सवय झाली की एकदा घरी मी "सर, पानं घेतली" म्हणाले आणि आईची हसून हसून पुरेवाट झाली. बाबा हसले नाहीत. त्यांना त्यात गैर काही वाटलंच नाही.

त्यांचं वेड एकच. नजर पॅसेजवर. टाइप करायचा मजकूर उजवीकडे लाकडी स्टँडवर लावायचा, डोळे त्याच्यावर, बोटं आपली आपण चालतील. बोटांकडे बघायचं नाही आणि यंत्रातल्या कागदाकडे तर मुळीच नाही. "कागदात बघून काय दिसणार आहे? जे मारलंय तेच ना?" नवीन मुलांच्या हातांवर ते चपलांच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण उपडं घालायचे. कोणी मान वर केली की त्यांची फूटपट्टी टेबलावर वाजायची. घणसोली गावातली एक मुलगी एकदा कळवळून म्हणाली, "सर, मान दुखते हाय म्हनून वर केली." बाबा म्हणाले, "मान दुखली तर दुखू दे. नजर हलायला नको." दुसरी गोष्ट, चूक झाली तर खोडायचं नाही. कागद काढायचा, नवा घालायचा, पान पुन्हा. शेवटच्या ओळीत चूक झाली तरी पान पुन्हा. मी किती वेळा रडलेय त्या खोलीत. पण हात बसला. क्लासमध्ये माझ्यासारखा हात कोणाचा नव्हता आणि बाबा हे तोंडाने कधी म्हणाले नसले तरी नव्या मुलांना दाखवायला मलाच बसवायचे.

त्या हातावरच मला महाप्याला नोकरी मिळाली. कारखान्यांच्या मधल्या एका इमारतीत छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. बाजूला रंगाचा कारखाना, त्याचा वास खिडक्या बंद केल्या तरी आत यायचा. इंजिनियर लोक घाईघाईत जे लिहायचे ते मी नीट टाइप करून पुस्तिकेच्या रूपात मांडायचं, असं काम. मी एकटीच इंजिनियर नसलेली. पण पहिल्या दिवशी मी टाइप करायला लागले आणि आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. ती पोरं दोन बोटांनी टाइप करणारी. "काय स्पीड आहे यार," कोणीतरी म्हणालं. मी नजर हलवली नाही, पण आतून फुगले, खोटं कशाला सांगू.

चौथ्या की पाचव्या दिवशी तोंडघशी पडले.

तिथली यंत्रं मी आधी पाहिलेल्या कॉम्प्युटरसारखी नव्हती. मोठाले जड पडदे, आणि ज्यात लिहायचं त्या एडिटरचे आडवे दोन भाग केलेले. वरच्या विंडोत जुना मजकूर उघडा ठेवायचा, खालच्या विंडोत आपण नवीन लिहायचं, म्हणजे वर बघून खाली काम करता येतं. सोय चांगली. पण कोणत्या विंडोत अक्षर पडणार हे माऊसचा बाण ठरवायचा. साध्या कॉम्प्युटरवर जिथे लिहायचं तिथे एकदा क्लिक करावं लागतं, मग माऊस कुठेही भटकू दे. इथे क्लिकची गरजच नाही. बाण नुसता वरच्या विंडोत तरंगत असला तरी अक्षरं वर. खाली आला की खाली. कोपराचा धक्का लागून माऊस वीतभर सरकला तरी तुमचं वाक्य अर्धं खाली, अर्धं वर. बरं, खात्रीसाठी क्लिक करावं तर आणखी पंचाईत. क्लिक कराल तिथे कर्सर उडी मारून जायचा आणि आपण जिथे थांबलो होतो ती जागाच हरवायची.

इंजिनियरांना याचं काहीच वाटत नसे, कारण ते पडद्याकडे बघत टाइप करायचे. मी बघायचे स्टँडवरच्या कागदाकडे. एक अख्खं पान मी झोकात टाइप केलं, मान वर केली, तर खालची विंडो कोरी. माझं सगळं पान वरच्या जुन्या मजकुरात, एका शब्दाच्या मधोमध घुसलेलं. आमचा प्रोजेक्ट लीडर, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा असेल, मागून जाता जाता थांबला. "जमतंय ना?" मी म्हणाले, "हो." आणि पडद्यासमोर अशी वाकले की त्याला काही दिसू नये.

विचारलं असतं तर त्याने मिनिटात समजावलं असतं. पण विचारायचं कसं? स्पीडवाली म्हणून घेतलेली बाई मी. गप्प बसले आणि हळूहळू माझा उपाय मी शोधला. दर ओळीला मान वर करून बघायचं. पहिले काही दिवस मला चोरी केल्यासारखं वाटायचं. फूटपट्टी वाजेल की काय असं वाटून कधीकधी खरंच दचकायचे. घरी यातलं एक अक्षर बोलले नाही.

तोवर बाबांच्या क्लासला उतरती कळा लागली होती. त्याच इमारतीत खाली कॉम्प्युटर क्लास निघाला, काचेचं दार, आत एसी. जिना चढून वर येणारी मुलं काचेपाशीच थांबायला लागली. बाबांची अर्धी यंत्रं दुपारभर कापडाखाली असायची. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन गेले तर बाबा एकटेच एका यंत्रावर कुठलातरी जुना पॅसेज मारत बसलेले. मला बघून म्हणाले, "यंत्र चालतं ठेवायला लागतं." दिवाळीपर्यंत क्लास बंद करावा लागणार हे तिघांनाही कळत होतं. पैशाचं काही नव्हतं, आई शाळेत होती, माझा पगार होता. बाबांना भीती होती ती घरी बसण्याची. एकदा आई पोळ्या लाटत असताना त्यांनी तिला विचारलेलं मी ऐकलं, "घरी बसायचं म्हणजे नेमकं करायचं काय गं?" आईने लाटणं थांबवलं.

त्याच सुमाराला ऑफिसात एक मोठं काम आलं. एका कारखान्याच्या यंत्रांच्या जुन्या माहितीपुस्तिका, जाडजूड, फक्त कागदावर. त्या सगळ्या पुन्हा टाइप करायच्या. लीडर मला म्हणाला, "तुम्ही एकट्या पुऱ्या पडणार नाही. ओळखीचं कोणी चांगलं आहे का?"

"आहेत ना," मी म्हणाले. "आमच्या टायपिंग क्लासचे सर."

सर तोंडातून आपसूक आलं. टायपिंगचा विषय निघाला की ते माझ्यासाठी सरच होते. दुरुस्त करायला मला एक क्षण मिळाला होता आणि तो मी जाऊ दिला. घरी येऊन सांगितलं तर बाबा उलट खूश झाले. "बरं केलंस. वशिल्याने आलो असं व्हायला नको. तिथे मी सर आणि तू कंपनीची माणूस. अजिबात बाबा म्हणायचं नाही." मी मान डोलावली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. का, ते स्वतःशीसुद्धा नीट बोलले नाही. ऑफिसातली सगळी मंडळी जीन्सवाली, इंग्रजीत विनोद करणारी. आणि बाबा म्हणजे सफारी, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात साताऱ्याचं "काय की" न् "असंच की".

आदल्या दिवशी जेवणानंतर मी त्यांना समजावायला बसले. फरशीवर पेपरची दोन पानं ठेवली, एक वर, एक खाली. बाण म्हणून चमचा. "हे बघा, चमचा वरच्या कागदावर असला की अक्षर वर. खालच्यावर असला की खाली. बाण जिथे, अक्षर तिथे. एवढंच."

"आणि माझी नजर कुठे?"

"पॅसेजवर."

"मग चमच्याकडे कोण बघणार?"

"अधूनमधून वर बघायचं बाबा. दर ओळीला एकदा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चमचा उचलून मोरीत टाकून आले. "आधी एकदा बाण नीट ठेवला की झालं ना," ते मागून म्हणाले. "हलवलं नाही तर हलणार कसा तो?" मला वाटलं, खरंच आहे.

सकाळी आम्ही एकाच बसने निघालो. बाबांनी कापडी पिशवीत स्वतःचा लाकडी स्टँड घेतला होता. स्टॉपवर उतरल्यावर ते म्हणाले, "तू पुढे हो. मी मागून येतो." मी पुढे झाले.

त्यांना जागा दिली ती पलीकडच्या रांगेत, माझ्या तिरक्या समोर. मी ओळख करून दिली, "हे सर." सगळे हसून "या काका" म्हणाले. बाबा खुर्चीवर बसले, की-बोर्डला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. क्लासमध्ये ते रोज करायचे. मी पटकन इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. कोणी पाहिलं नव्हतं. तरी मला लाज वाटली, आणि ती वाटल्याची पण वाटली.

लीडरने दोन विंडो उघडून दिल्या. वर आधीच झालेला मजकूर, खाली कोरी जागा. बाण खाली आणून ठेवला. बाबांनी स्टँड काढून उजवीकडे ठेवायला घेतला, तर तिथे माऊस.

"ह्याला कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"थांबा, मी बघते," मी म्हणाले. स्टँड नीट बसावा म्हणून माऊस वर सरकवला, पार पडद्याच्या पायाशी. स्टँड जागेवर बसला, मी त्यावर पहिलं पान लावून दिलं, अगदी त्यांना लागतं तसं तिरकं. एवढं करूनही पडद्याकडे मी बघितलंच नाही. त्यांच्या टेबलाजवळ उभी राहिले की मी विद्यार्थिनी व्हायचे, आणि त्यांच्या विद्यार्थ्याची नजर तिकडे जात नाही.

बाबांनी सुरुवात केली.

माझा हात तिथे सगळ्यांनी पाहिला होता. बाबांचा हात वेगळाच होता. आवाजात कुठे उंच नाही, सखल नाही, एकसारखा. पाठ ताठ, मनगटं हलत नाहीत, डोळे कागदावर. ओळ संपत आली की डावा हात नकळत उचलला जायचा, जुन्या यंत्राचा दांडा ढकलायला, आणि तिथे दांडा नाही म्हटल्यावर परत खाली यायचा, तेवढ्यातही लय तुटायची नाही. एकेक जण उठून येऊन मागे उभा राहिला. कोणीतरी शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावून आणलं. सगळे त्यांच्या हातांकडे बघत होते. मीही. माझा ऊर भरून आला होता. मनात म्हणत होते, बघा, माझ्याकडे बघून काय तोंडात बोटं घालत होतात, हे बघा.

बाबांनी पान संपवलं. बोटं उचलली, मांडीवर ठेवली. आणि मागे उभा राहिलेला लीडर हळूच म्हणाला, "काका, एक मिनिट. हे सगळं वर गेलंय."

बाबांनी मान वर केली. खालची विंडो सकाळी होती तशी कोरी. वरच्या जुन्या मजकुरात एका शब्दाचे दोन तुकडे झालेले आणि त्या दोन तुकड्यांच्या मध्ये बाबांचं पान. एक चूक नव्हती त्यात.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. वाईट हसू नव्हतं ते, घसरलेल्या माणसाला बघून सुटतं तसं सुटलं. पण माझे कान तापले. त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "माऊस मी सरकवला होता," मी म्हणाले. म्हणाले खरं. पण लीडर म्हणाला, "अहो, सगळ्यांचंच होतं असं इथे," आणि ते तिथेच संपलं. माऊस कोणी सरकवला याच्याशी कोणालाच घेणंदेणं नव्हतं.

"काही बिघडलेलं नाही काका," तो म्हणाला. "हे उचलून खाली टाकतो. दोन सेकंदांचं काम."

"नको," बाबा म्हणाले. "काढून टाका. पान पुन्हा घेतो."

"अहो पण कशाला? टाइप झालंय ना."

"चुकीच्या जागी झालंय की. पान पुन्हा."

लीडरने खांदे उडवले आणि कुठलीशी बटणं दाबली. बाबांचं पान खालून वर पुसलं जायला लागलं, ओळीमागून ओळ, भराभर. वर तुटलेला शब्द पुन्हा जुळला. क्लासमध्ये चुकलेला कागद निदान हातात यायचा. घडी घालून खिशात ठेवता यायचा, फाडता यायचा. बाबांचा हात टेबलाच्या कडेपाशी तसाच अर्धवट पुढे झालेला होता.

गर्दी पांगली. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, इंजिनियर, चांगली मुलगी, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, कुठून शोधून आणलंस या काकांना? कसले गोड आहेत."

"आमच्या क्लासचे सर," मी म्हणाले.

मग मी जागेवर जाऊन बसले आणि मान खाली घातली. समोर पॅसेज होता, त्याच्याकडे बघत राहिले.

बाबांनी पुन्हा सुरुवात केली होती. मी बघत नव्हते, पण ऐकू येत होतं, आणि त्या आवाजाचं मला सगळं कळत होतं. ओळ संपली की थांबत होता. मग पुन्हा सुरू, पुन्हा ओळीला थांबत होता. काही वेळाने ओळीच्या मध्येच अडखळायला लागला. ज्या माणसाने शेकडो पोरांच्या हातांवर पुठ्ठा घातला तो माणूस दर ओळीला मान वर करून बघत होता, नवख्या पोरासारखा, आणि मान वर केली की कागदावरची जागा सुटत होती. मला उठून त्यांच्यापाशी जायला हवं होतं. मी जागची हलले नाही.

"मॅडम," कोणीतरी म्हणालं.

मला वाटलं दुसऱ्या कोणाला.

"मॅडम, जरा बघता का?" बाबा माझ्याकडेच बघून म्हणत होते. "बरोबर जागी पडतंय ना एवढं सांगा फक्त."

उठले. त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. बाण खाली होता, अक्षरं खाली पडत होती. सगळं बरोबर होतं. वरून तिसऱ्या ओळीत दोन चुका होत्या. बाबांच्या टायपिंगमध्ये चूक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"हो सर," मी म्हणाले. "बरोबर आहे."

"थँक्यू मॅडम."

ठरल्याप्रमाणेच चाललं होतं सगळं. बाबा नाही, सर; लेक नाही, मॅडम. तेच तर ठरलं होतं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मदात्या बापाने मला अहोजाहो करावं आणि मी ते उभ्या उभ्या ऐकून घेऊन परत जागेवर जाऊन बसावं. बसले. संध्याकाळपर्यंत मी मान वर केली नाही.

निघताना लीडरने बाबांना सांगितलं, उद्यापासून या, स्पीडचं टेन्शन घेऊ नका, सवय होईल. चांगला होता बिचारा. आम्ही बसस्टॉपवर आलो. रंगाच्या कारखान्याची पाळी सुटत होती, माणसं आमच्या बाजूने जात होती. बाबांनी पिशवी छातीशी धरली होती.

"मी नाही येत उद्या," ते म्हणाले.

"अहो बाबा, का पण? होते सवय." आणि मग जे इतके महिने घरात बोलले नव्हते ते बोलले. "मीपण वर बघते. दर ओळीला. पहिल्या आठवड्यापासून."

"ते आलं लक्षात माझ्या. चमचा घेऊन बसली होतीस तेव्हाच आलं. वर बघायचं काय नाय गं. तेवढं शिकीन मी. पण दर ओळीला वर बघत होतो ना, तर यंत्राच्या पलीकडे तू दिसत होतीस. मान खाली घालून बसलेली. मला आधी वाटलं पॅसेज बघतीय. मग नीट बघितलं, तर तुझे हात चालतच नव्हते."

बस आली. आत एकच जागा होती, बाबांनी मला बसायला लावलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. घरी आईने विचारलं, कसं झालं, तर म्हणाले, "यंत्रं बरी आहेत त्यांची."

दुसऱ्या दिवशी लीडरने विचारलं, "तुमचे सर आले नाहीत?"

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले.

जरा मोठ्याने म्हणाले असणार, कारण आजूबाजूच्या माना वळल्या. लीडर म्हणाला, "अरेच्चा. मग आधी नाही का सांगायचं? घेऊन या ना त्यांना, काम पडलंय." बस्स. इतकंच. वशिला नाही, काही नाही. माझी मैत्रीण मात्र लाल झाली आणि हळूच म्हणाली, "सॉरी हं, मी काल तसं..." मी तिच्यावर उगाचच डाफरले. "सॉरी कशाला? तू काय वाईट बोलली होतीस? गोड आहेत म्हणालीस ना? आहेत." तिचं काही चुकलेलं नव्हतं हेच तर मला झोंबत होतं.

संध्याकाळी परस्पर क्लासवर गेले. तीन मुली बसल्या होत्या, तिघींच्या हातांवर पुठ्ठे. उंबरा ओलांडला आणि म्हणाले, "बाबा, ऑफिसात सांगितलं मी."

तिन्ही मुलींनी एकदम मान वर केली. फूटपट्टी बाबांच्या हातात होती, पण वाजली नाही.

"इथे सर म्हणायचं," बाबा म्हणाले. मग एका मुलीचा कागद उगाच सरळ करत त्यांनी विचारलं, "काय सांगितलंस?"

"तुम्ही माझे बाबा आहात म्हणून."

"बरं. मग?"

"मग काही नाही. या म्हणतायत उद्या."

त्यांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली, मुलींना म्हणाले, "काय बघताय? नजर पॅसेजवर," आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ खाली भाजीवाल्यांकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आले ते. मी स्टॉपवरून पुढे झाले नाही, बरोबरच गेलो. तीच जागा, तोच स्टँड. की-बोर्डला हात लावून त्यांनी कपाळाला लावला आणि मी कोणी पाहिलं का ते पाहिलं नाही. मी माझ्या जागेवर बसले आणि ठरवलं, आज मान खाली घालायची नाही. ओळ संपून त्यांनी वर बघितलं की मी समोर दिसले पाहिजे. सोपं वाटतं ऐकायला. वर्षानुवर्षं नजर पॅसेजवर ठेवायची सवय असलेल्या माणसाला दिवसभर समोर बघत काम करणं जमत नाही. माझ्या चुकांवर चुका होत होत्या. दुपारपर्यंत मानेला रग लागली, त्या घणसोलीच्या पोरीची आठवण झाली. पण बाबांनी वर बघितलं की मी तिथे होते. ते काही हसले वगैरे नाहीत. बघायचे आणि पुढची ओळ घ्यायचे. हळूहळू थांबणं कमी झालं.

जेवणानंतर त्यांचा आवाज पुन्हा जुन्यासारखा एकसारखा लागला. कितीतरी वेळ थांबलाच नाही. मी मनात म्हटलं, विसरले वाटतं वर बघायचं. आणि तेवढ्यात आवाज बंद झाला. बाबा पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि क्लासमध्ये शेवटच्या यंत्रापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाले, "अगं, पुन्हा वर गेलं की माझं पान."

सगळं ऑफिस वळलं. कोणीतरी हसलं. कान तर तापलेच माझे, लाज काय एका दिवसात जाते? पण मान वर होती.

"आले, बाबा," मी म्हणाले.